ना. सी. फडके पुन्हा वाचताना मन खट्टू का होतं? (आत्याच्या वहीसकट)

सायली_मिरज (धागाकर्ती)

माझी आत्या ८४ वर्षांची आहे. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आयुष्यभर वाचत आली. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचा पडदा खराब झाला. कडेकडेचं दिसतं, पण ज्या ओळीकडे बघावं नेमका तिथेच डाग येतो. तेव्हापासून रोज दिवेलागणीनंतर तासभर मी तिला वाचून दाखवते. पुस्तक तीच निवडते.

गेल्या महिन्यात म्हणाली, "फडके काढ." आमच्याकडे ना. सी. फडक्यांच्या वीसेक कादंबऱ्या आहेत. काही आजोबांच्या, काही आत्यानं रद्दीच्या दुकानांतून जमवलेल्या. सुरुवातीच्या दोन तिनं अगदी कान लावून ऐकल्या. तिसरी साठच्या दशकातली होती. दीडेकशे पानं झाली असतील. नायक-नायिकेत आता गैरसमज होणार असं दिसायला लागलं आणि आत्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब गं. पुढचं मी सांगते."

तिनं सांगितलं. मी चार प्रकरणं पुढे चाळून बघितली, नावं सोडली तर सगळं बरोबर होतं. "ही मी वाचलेली नाही बरं का," ती म्हणाली, "पण पाठ आहे." मग बराच वेळ काही बोललीच नाही. ज्या लेखकानं चौदाव्या वर्षी तिला वाचनाचं वेड लावलं, त्याचं पुस्तक तिला मिटून ठेवावंसं वाटलं होतं. मला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी तिच्या सांगण्यावरून कपाटाच्या तळातली वही काढली. शंभर पानी, खाकी पुठ्ठा, शिवण उसवलेली. एक भरली की तिच्यातच दुसरी शिवलेली, अशा चार वह्यांचा गठ्ठा आहे. पानोपानी पट्टीनं आखलेले पाच रकाने: अनुक्रम, पुस्तक, लेखक, कधी वाचले, शेरा. पहिली नोंद जून १९५५ची. फडक्यांसमोरचे काही शेरे जसेच्या तसे देते.

'जादूगार', १९५५: "एका बैठकीत. जेवायला उठले नाही म्हणून बोलणी खाल्ली."

'दौलत', १९५६: "दुसऱ्यांदा. पहिल्यापेक्षा सावकाश वाचले, संपू नये म्हणून."

पुढे पुस्तकांची नावं मुद्दाम देत नाही, कारण शेरा एकेका पुस्तकावर राहतच नाही. १९५८ला "सुंदर. पण शेवट आधी कळला." १९६१ला "नायिका याही वेळी अतिशय सुंदर." १९६४ला "त्रिकोण. तिसरी व्यक्ती पान ९०." १९६७ला "योगायोग तीन." १९७०ला शेऱ्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. त्यानंतर वहीत फडके नाहीत. फडके १९७८ साली गेले, तोवर त्यांचं लिहिणं चालूच होतं आणि आत्याचं वाचणंही. पण दोघांची गाठ पुन्हा पडली नाही.

ती १९७०ची रेघ मला त्रास देते आहे. हा काही ऐरागैरा लेखक नव्हता. पहिली कादंबरी १९१७ची, एकूण सत्तरच्या वर. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, १९६२ला पद्मभूषण. कादंबरी कशी रचावी यावर १९३१ साली 'प्रतिभासाधन'सारखं पुस्तक लिहिणारा माणूस. एवढी हुकमत असलेला लेखक तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगत राहतो? आणि आपल्याला, म्हणजे ज्यांनी प्रेमानं वाचलं त्यांना, हे इतकं का लागतं?

तुमच्यापैकी कोणी फडके सलग वाचले आहेत का? कुठल्या पुस्तकापाशी थांबलात?


मेधा_डोंबिवली

अगदी अगदी. आई आणि तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी लोकलमध्ये कादंबऱ्यांची अदलाबदल करायच्या. आई पहिली पाच पानं वाचून सांगायची, हा नायक शेवटी कोणाचा होणार ते. कधी चुकली नाही. पण तरी पुढचं पुस्तक आणायचीच. का आणायची ते मला आज तुमचा धागा वाचताना पहिल्यांदा विचारावंसं वाटलं, आणि आता विचारायला ती नाही.


करवीरकर

कोल्हापूरचा असल्यामुळे फडके आमच्याकडे घरचेच. राजाराम कॉलेजात ते शिकवत, माझे आजोबा त्यांच्या तासाला बसले आहेत. त्यामुळे थोडी बाजू मांडतो.

एक म्हणजे त्यांची भाषा. हरिभाऊ आपट्यांच्या नंतरची मराठी कादंबरी पाल्हाळात अडकली होती, तिला फडक्यांनी कमरेत घट्ट केलं. प्रकरण कुठे सुरू करावं, कुठे तोडावं, वाचकाच्या मनात प्रश्न कधी ठेवावा आणि उत्तर किती लांबवावं, हे त्यांच्याइतकं कोणालाच साधलं नव्हतं. आज जे कोणी मराठीत वाचनीय लिहितात त्यांनी हे कुठून तरी उचललेलं आहे, आणि त्या वाटेच्या टोकाला बऱ्याचदा फडके सापडतात.

दुसरं, ते फसवत नव्हते. कादंबरीनं आनंद द्यावा, उपदेश करू नये, हे त्यांनी उघडपणे मांडलं आणि 'कलेसाठी कला' म्हणत त्यासाठी वाद घातले. समोर वि. स. खांडेकर होते, जीवनासाठी कला म्हणणारे. एकच तंत्र वापरणं ही त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. गवई तोच राग आयुष्यभर गातो, त्याला आपण विचारत नाही की पुन्हा यमनच का.

मात्र सायली, तुमच्या आत्याबाईंची वही वाचून माझंही मन थोडं डळमळलं, हे कबूल करतो.


ग्रंथालयातले_आबा

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात ३१ वर्षं काम केलं. आता निवृत्त आहे, पण किल्ली अजून माझ्याकडेच असते. या विषयावर मला जे माहीत आहे ते पुस्तकांच्या पाठीमागच्या बाजूला आहे. पुस्तक नेलं की ज्यावर तारखेचा शिक्का पडतो, त्या चिठ्ठ्या म्हणतो मी.

'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' यांच्या आमच्या प्रतींना मागच्या पुठ्ठ्यावर एकावर एक पाच-सहा चिठ्ठ्या डकवलेल्या आहेत. खळीचा थर इतका जाड की पुठ्ठा उघडताना कडकन वाजतो. बांधणी दोन-तीनदा केलेली. पन्नास सालीही शिक्के आहेत, ऐंशी सालीही आहेत.

नंतरच्या कादंबऱ्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या. पुस्तक आलं त्या वर्षी धडाधड शिक्के, आठवड्याला एक. रांग लागलेली असायची. दुसऱ्या वर्षी महिन्याला एक. मग चिठ्ठी अर्धी कोरी. म्हणजे लोक वाचत होते, आतुरतेनं वाचत होते, पण पुन्हा कोणी मागत नव्हतं.

आणखी एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. बांधणीला पाठवायच्या आधी मी पानं तपासायचो. नंतरच्या पुस्तकांची सुरुवातीची तीसेक पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, शेवटची वीसेक तशीच. मधली पानं स्वच्छ. जुन्या पुस्तकांत मळ सगळीकडे सारखा. कुठे तेलाचा डाग, कुठे हळदीच्या बोटाचा ठसा, तोही मध्यावर. स्वयंपाक करता करता बाई तिथे थांबली नव्हती, वाचतच होती.


इरावतीची_आई

मी जरा वेगळं बोलणार आहे. कोणी राग मानू नका.

माझ्या आईचं लग्न १९४४ साली झालं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. वाईतला वाडा, सासरी चौदा माणसं. वडिलांशी तिचं पहिलं बोलणं लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात झालं, तेही "दिवा कुठे ठेवलाय" एवढंच. त्या घरात धाकट्या नणंदेनं भाजीच्या पिशवीतून फडके आणले. आई माळ्यावर जाऊन वाचायची. मला तिनं म्हातारपणी सांगितलं, "बायकोशी असं गोड बोलणारा पुरुष असू शकतो हे मला पुस्तकातून कळलं. मग मी ह्यांच्याकडून थोडीशी अपेक्षा करायला लागले, आणि हळूहळू हे बोलायला लागले."

हे तुम्ही कुठल्या रकान्यात लिहाल? त्या बायकांना पुढचं आधी कळत होतं, आणि तेच त्यांना हवं होतं. घरात कशाचीच खात्री नव्हती. पुस्तकात तरी सगळं नीट होईल याची खात्री असायची. आज ८४व्या वर्षी सायलीच्या आत्यांना कंटाळा येतो म्हणजे त्या वाचक म्हणून किती पुढे गेल्या. त्यात फडक्यांचाही वाटा आहेच ना? पहिली पायरी त्यांनीच बांधून दिली.


सायली_मिरज

इरावतीची आई, तुमचा प्रतिसाद आत्याला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्या बाईंना सांग, सगळं खरं आहे. आणि म्हणूनच राग येतो."

म्हणूनच म्हणजे काय, हे मी तिला विचारलं. तिनं जे सांगितलं त्यावर दोन दिवस विचार करून माझ्या शब्दांत मांडते.

फडक्यांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कादंबऱ्या १९२५ ते १९३२च्या आसपासच्या. त्या वेळचं जग आठवा. शारदा कायदा १९२९चा, लागू झाला १ एप्रिल १९३०ला, आणि त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय किती, तर १४. चौदाच्या आत लग्न होऊ नये यासाठी कायदा करावा लागत होता, आणि त्यालाही कडाडून विरोध होत होता. अशा काळात कॉलेजात जाणारी, मोकळेपणानं बोलणारी, नवरा स्वतः निवडू पाहणारी नायिका कादंबरीत आली. तिच्या वाटेत जो अडथळा होता तो खरा होता. बाहेर, रस्त्यावर, घरात, सगळीकडे तोच अडथळा होता. लेखकाला तो शोधावा लागत नव्हता. गैरसमजसुद्धा खरे वाटायचे, कारण दोघांना एकमेकांना भेटून विचारायची सोयच नव्हती. एक चिठ्ठी चुकीच्या हातात पडली तर खरंच आयुष्य उलटंपालटं व्हायचं.

आत्या वाचायला लागली १९५५ साली. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला. आत्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला गेली, नोकरीला लागली, स्वतःच्या पगारातून पुस्तकं घ्यायला लागली. तिच्या वर्गातल्या दोघींनी स्वतः लग्न ठरवलं, एकीनं जातीबाहेर. आता अडथळे वेगळे होते. मुंबईत जागा नाही, नवऱ्याची बदली परभणीला आणि बायकोची नोकरी मिरजेत, सासूचं आजारपण, धाकट्या दिरांच्या फिया. आत्याचं स्वतःचं लग्न ज्या कारणानं झालं नाही ते कारणही असंच होतं. घरातल्या चार धाकट्यांचं शिक्षण तिच्या पगारावर होतं. तिला एका माणसानं विचारलं होतं. कोणाचाही गैरसमज झाला नव्हता. दोघांना सगळं स्पष्ट कळत होतं आणि तरी जमलं नाही.

आणि त्याच वर्षांत तिच्या हातात जी नवी कादंबरी यायची तिच्यात दोघं सुखवस्तू, शिकलेली, एकमेकांवर जीव असलेली माणसं केवळ एक वाक्य बोलत नाहीत म्हणून दोनशे पानं ताटातूट. "मला वाटायचं," आत्या म्हणाली, "उठून जावं आणि त्या मुलीला सांगावं, अगं विचार त्याला, समोरच तर उभा आहे." तिला सूत्राचा कंटाळा नव्हता आला. तिच्या आयुष्यातला खरा अडथळा तिच्या आवडत्या लेखकाला दिसतच नव्हता, याचं तिला दुःख होतं. आबांनी सांगितलेली मधली स्वच्छ पानं मला याच जागची वाटतात. अडथळा खोटा वाटला की माणूस मधलं वाचत नाही, सरळ शेवटाकडे जातो.

करवीरकर, यमनाचं म्हणणं मला पटलं होतं आधी. पण गवई रोज तोच राग नव्यानं शोधतो. वाट माहीत असली तरी आजचा सूर आजच लागायला हवा. पाठ झालेली बंदिश तशीच म्हणून दाखवली तर यमनही ऐकवत नाही.


अभय_क

वा, हा मुद्दा नेमका आहे. पुष्टी म्हणून एक जोड देतो. त्याच काळातली, १९३९ची, विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. प्रेमकथाच आहे. बोटीवरचा प्रवास, काही दिवसांची ओळख, चक्रधर नावाचा हिंदुस्थानी तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून हाकललेली ज्यू मुलगी. तरुण-तरुणी, समुद्र, डेक, म्हणजे प्रेमकथेला लागणारं सगळं सामान तेच. पण मुंबई आली की त्याला उतरता येतं, तिला येत नाही. मधे महायुद्धाकडे निघालेलं अख्खं जग उभं आहे. एक शब्दही गैरसमजाचा नाही आणि तरी वाचताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं.

आणि त्याच्याही आधी, १९३३ला, विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' आलं होतं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींचं मन. तुमच्या आत्यांची गोष्ट त्या पुस्तकाच्या जवळची आहे. तेव्हा केवढा गदारोळ झाला, टोपणनावामागे कोण आहे याचा शोध घेत फिरले लोक.

म्हणजे काळ तोच असूनही इतरांना अडथळा दिसत होता.


करवीरकर

अभय, बरोबर. पण फडक्यांनी नंतर विषय बदलले नाहीत असं नाही. बेचाळीसची चळवळ घेतली, काश्मीर घेतलं. राजकीय घडामोडी ताज्या असताना त्यावर कादंबरी लिहिणं हे धाडसच होतं.


अभय_क

विषय घेतले, मान्य. पण मला ते मागच्या पडद्यासारखे वाटले. नाटकात जंगलाचा पडदा जाऊन राजवाड्याचा येतो, पुढे माणसं तीच उभी असतात तसं. चळवळीमुळे नायकाच्या प्रेमात काय बदललं, हा प्रश्न विचारला की हाताला फारसं लागत नाही. माझं हे मत सात-आठ कादंबऱ्यांवरून आहे, सगळ्या वाचलेल्या नाहीत.


अश्विनी_बे_एरिया

मला एक गोष्ट कळत नाही. ह्याच फडक्यांनी १९२७ साली संततिनियमन आणि सुप्रजनन (वंश 'सुधारण्याचा' विचार) या विषयावर इंग्रजीत आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याला अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी ते हातात घेतलं आहे. सुप्रजननाचे विचार आज वाचवत नाहीत, पण लग्नानंतर बाईच्या शरीराचं काय होतं, मुलं किती आणि कधी, हे उघडपणे बोलायचा धीटपणा त्या काळात किती जणांकडे होता? रघुनाथराव कर्वे आणि मोजके लोक.

तो धीट माणूस मी वाचलेल्या दहा-बारा कादंबऱ्यांत मला भेटलाच नाही. प्रेम जुळेपर्यंत सगळं बारीक रंगवलेलं, आणि पुढचं, म्हणजे ज्यावर त्यांनी स्वतः एवढा अभ्यास केला होता ते, दाराबाहेर. त्यांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी ते आपल्या नायिकांना दिलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. माहीत नसतं तर एक वेळ सोडून दिलं असतं.


रेवती_लिहिते

मी इथे क्वचित लिहिते, पण हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही.

मी मोबाइलवरच्या एका अॅपवर प्रेमकथांच्या मालिका लिहिते. तीन वर्षं झाली, दोन मालिका पूर्ण, तिसरी चालू. रोज एक भाग, हजारेक शब्दांचा. तुम्ही विचारता लेखक तेच तेच का लिहितो, तर माझ्यापुरतं सांगते.

दुसऱ्या मालिकेत चाळिसाव्या भागाच्या आसपास मी नायकाची नोकरी घालवली. घरी बसतो, चिडचिड करतो, नायिकेचा पगार तेवढा येतो, आणि त्या दोघांत हळूहळू काहीतरी तुटायला लागतं. माझ्या बहिणीच्या घरात घडलेलं होतं हे. मी मनापासून लिहिलं. दुसऱ्या दिवशी प्रतिक्रियांचा पाऊस. "ताई, आम्हाला टेन्शन नको." "हिरोला लवकर श्रीमंत करा." "दिवसभर हेच बघतो, रात्री तरी चांगलं वाचू द्या." वाचणाऱ्यांचा आकडा तीन दिवसांत निम्म्यावर आला. मी घाबरले. पुढच्या तीन भागांत एक दूरचा काका आणला, त्याची कंपनी नायकाला मिळाली, आणि मग वेळ भरून काढायला एक जुनी मैत्रीण आणून गैरसमज घातला. आकडा परत वर आला. त्या रात्री बहिणीचा फोन आला, "वाचलं गं," म्हणाली, आणि विषय बदलला.

ते "वाचलं गं" मी विसरले नाही. तिला वाटलं होतं मी तिचं काहीतरी लिहिते आहे.

फडक्यांवर असा रोजचा दाब नसेल, पण पुढचं पुस्तक कधी असं विचारणारे वाचक तर असणारच. आबांच्या चिठ्ठीवरच्या पहिल्या वर्षीच्या त्या धडाधड शिक्क्यांची मला आता भीती वाटते. माझ्याकडे सध्या नेमकं तेच आहे. त्या वेळी एखाद्या आत्यानं लेखकाला शेरे लिहून पाठवले असते तर? मला कोणी पाठवले असते तर मी काका आणला नसता असं आज वाटतं.


इरावतीची_आई

रेवती, बाळ, तुझ्या त्या चाळिसाव्या भागाचा दुवा मला व्यक्तिगत निरोपात पाठव. मला वाचायचा आहे, काका यायच्या आधीचा.


मेधा_डोंबिवली

मलाही.


सायली_मिरज

रेवती, आत्यानं एक पत्र लिहिलं होतं. काल हा धागा वाचून दाखवताना तुझ्या शेवटच्या ओळींपाशी तिनं मला थांबवलं आणि सांगितलं. १९६७ साली, त्या "योगायोग तीन"नंतर. आंतरदेशीय पत्रावर, दोन्ही बाजूंनी भरून. टाकलं नाही. "एवढा मोठा माणूस, मी कोण सांगणारी," असं वाटलं तिला. पुढे ते पत्र बंबात गेलं. त्यात काय लिहिलं होतं ते तिला आठवतं, पण सांगत नाही.

तुझा चाळिसावा भाग मात्र तिनं ऐकलाय (मेधाताईंनी दुवा मला दिला, रागावू नकोस). ऐकून म्हणाली, "त्या पोरीला सांग, भांड्यांचा आवाज मोठ्यानं येतो हे बरोबर लिहिलंय. असाच येतो."


रेवती_लिहिते

रडले मी. बाकी काही लिहीत नाही.


अश्विनी_बे_एरिया

सायली, अवांतर आहे पण आत्यांसाठी विचारते. मराठी ऑडिओ पुस्तकं आता पुष्कळ निघाली आहेत, ती लावून दिलीत का? माझ्या सासूबाईंना मी फोनवर लावून देते, त्यांना सोपं जातं.


सायली_मिरज

लावून बघितली. आवाज छान असतात, पण मधेच थांबवून बोलता येत नाही म्हणते. तिला वाचनापेक्षा ते मधलं थांबणं हवं असतं. चष्मा नाकावर सरकवून "काय म्हणाला तो, परत वाच" म्हणायचं असतं. चष्म्याचा आता काही उपयोग नाही तरी लावून बसते.


अभय_क

मग 'रणांगण' वाचून दाखवा ना त्यांना. छोटी आहे, आठवड्यात होईल.


सायली_मिरज

अभय, तुमचं ऐकून 'रणांगण' घेतली. सुरू करायच्या आधी वहीत शोधलं तर १९५९ साली वाचलेली निघाली. शेरा एकच शब्द: "कळले नाही."

आठ दिवस लागले. फडक्यांना जशी मधेमधे थांबवायची तशी एकदाही थांबवलं नाही. शेवटच्या पानांना मलाच थांबावं लागलं, आवाज फुटत नव्हता. तिनं घाई केली नाही. पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "वही आण, लिही." दोन वर्षांत वहीत नोंद नव्हती. मी अनुक्रम टाकला, नाव लिहिलं, तारीख घातली. शेऱ्यात काय लिहू विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्यांदा. वाचणारी रडली, मी नाही. मला हे माहीत होतं."

उद्यापासून 'जादूगार' लावायची आहे. तिचीच फर्माईश. मी म्हटलं, आत्या, इतकं सगळं बोलून झाल्यावर परत? तर म्हणाली, "अगं, ते नंतरचं. हे माझं आहे."

अडचण एवढीच की आमच्या प्रतीतली ११३ ते १२० पानं गळालेली आहेत, बांधणीतच राहून गेली असावीत. आबा, तुमच्याकडे प्रत असेल तर तेवढ्या पानांचे फोटो मिळतील का? घाई नाही, तिथवर पोचायला आम्हाला पाच-सहा दिवस लागतील.


ग्रंथालयातले_आबा

आमची आवृत्ती वेगळी असेल तर पानांचे आकडे जुळणार नाहीत. ११२व्या पानावरचं शेवटचं वाक्य आणि १२१चं पहिलं वाक्य कळवा, त्यावरून शोधतो. उद्या अकराला उघडतो.